एमर्सन, थोरो आणि मंडळी: ट्रान्सेंडेंटलिझम म्हणजे आपलं अद्वैतच का?

निळावंती

एमर्सन आपल्याला शाळेतल्या सुविचाराच्या फळ्यावर भेटतो आणि थोरो गांधीजींवरच्या धड्यात, एका ओळीपुरता. या दोघा अमेरिकन लेखकांभोवती अख्खा गोतावळा होता. त्यांचं नियतकालिक होतं, शाळा होत्या, फसलेल्या वसाहती होत्या, आपसातली भांडणं होती. ते सहसा कोणी सांगत नाही. दुर्गाबाई भागवतांनी केलेला थोरोच्या 'वॉल्डन'चा अनुवाद, 'वॉल्डनकाठी विचारविहार', परत वाचायला घेतला आणि मग बाकीच्यांच्याही मागे लागले. हाती लागलं ते मांडते, जाणकारांनी भर घालावी.

काळ साधारण १८३० ते १८६०. ठिकाण अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य, त्यातही बॉस्टन, केंब्रिज आणि काँकर्ड नावाचं गाव. सप्टेंबर १८३६ मध्ये राल्फ वॉल्डो एमर्सन, फ्रेडरिक हेन्री हेज, जॉर्ज रिप्ली आणि जॉर्ज पटनम असे चौघे केंब्रिजमध्ये जमले. सगळे धर्मोपदेशक, फक्त एमर्सनने पद सोडलेलं. त्यातून जे चर्चामंडळ उभं राहिलं त्याला लोक 'ट्रान्सेंडेंटल क्लब' म्हणू लागले. त्याच महिन्यात एमर्सनचं 'नेचर' हे छोटं पुस्तक आलं, लेखकाच्या नावाशिवाय.

ट्रान्सेंडेंटलिझमचं मला समजलेलं सार असं. ज्ञान केवळ पंचेंद्रियांतून येतं, जन्मतः मन कोरं असतं, हे इंग्रज तत्त्वज्ञ लॉकचं म्हणणं त्यांना अपुरं वाटलं. काही सत्यं माणसाला आतून, थेट कळतात आणि ती तर्काच्या नि अनुभवाच्या आधी येतात. प्रत्येकात ईश्वरी अंश आहे आणि तो एकाच विश्वात्म्याचा, ज्याला एमर्सन 'ओव्हर-सोल' म्हणतो. मग मधे पुरोहित कशाला, चमत्कारांचे पुरावे तरी कशाला? निसर्ग हे त्याच चैतन्याचं दिसणारं रूप. आणि हे सगळं खरं असेल तर चारचौघांच्या मताला मान तुकवणं म्हणजे स्वतःतल्या देवाशीच बेइमानी. 'सेल्फ-रिलायन्स' हा निबंध (१८४१) तिथून निघतो.

प्रश्न असा की वाचताना पानोपानी वेदान्त आठवतो, आणि गीता त्यांच्यापर्यंत पोचली होती हेही खरं. मग हे त्यांनी आपल्याकडून घेतलं असं म्हणता येईल का? की मुळात हे तत्त्वज्ञानच नाही, नुसता एक पिंड आहे?

खवचट_खंडू

महेश योगींच्या ट्रान्सेंडेंटल मेडिटेशनवरचा धागा समजून आलो होतो. डोळे मिटून बसण्याची पूर्ण तयारी होती.

वर्गमूळ

मी त्याहून लांबून आलो. 'पाय' ही ट्रान्सेंडेंटल संख्या आहे, तिचं काही निघेल असं वाटलं. असो, बसतो आता.

सर_निवृत्त

निळावंतीताई, मांडणी नेटकी आहे. दोन गोष्टी जोडतो, कारण त्यांच्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर नीट लागणार नाही.

पहिली, ही मंडळी कुठून आली? जवळजवळ सगळी युनिटेरियन पंथातून. न्यू इंग्लंडच्या (म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या) जुन्या कडक कॅल्व्हिनिस्ट धर्माविरुद्ध युनिटेरियनांनी आधीच बंड केलं होतं: माणूस जन्मतः पापी नाही, ईश्वर एक आहे, धर्म बुद्धीला पटला पाहिजे. पण बुद्धीला पटवण्याच्या नादात धर्म इतका सौम्य आणि हिशेबी झाला की पुढच्या पिढीला त्यात धगच सापडेना. एमर्सनने १८३२ मध्ये बॉस्टनच्या सेकंड चर्चचं पद सोडलं. प्रभुभोजनाचा विधी आपण मनापासून करू शकत नाही, हे त्याचं कारण. जुलै १८३८ मध्ये हार्वर्डच्या धर्मविद्यालयात त्याने भावी पाद्र्यांसमोरच सांगून टाकलं की येशूने प्रत्येक माणसाचं मोठेपण ओळखलं होतं आणि चर्चने मात्र त्या एका व्यक्तीचंच देव्हारं माजवलं. अँड्र्यूज नॉर्टन या जुन्या प्राध्यापकाने याला नास्तिकपणाचा सगळ्यांत नवा अवतार ठरवलं. हार्वर्डने एमर्सनला पुढे जवळजवळ तीस वर्षं बोलावलं नाही.

दुसरी गोष्ट जर्मन तत्त्वज्ञ कांट. नाव त्याच्याकडून आलं, आशय मात्र वाटेत पालटला. कांट विचारतो की अनुभव शक्य व्हायला मनात आधीपासून काय असावं लागतं, आणि अनुभवापलीकडचं आपल्याला कळू शकत नाही असंही बजावतो. काँकर्डकरांच्या हाती हा कांट इंग्रज कवी कोलरिजमार्फत आला. कोलरिजच्या 'एड्स टू रिफ्लेक्शन'ची अमेरिकन आवृत्ती जेम्स मार्शने १८२९ मध्ये काढली होती. तीत हिशेब करणारी समज वेगळी आणि सत्य थेट पाहणारी प्रज्ञा वेगळी, असा भेद होता. या लोकांनी तो उचलला आणि कांटने लावलेलं कुलूप उघडून टाकलं. कोनिग्सबर्गचा तो म्हातारा कांट हे वाचून घामाघूम झाला असता.

तेव्हा पाया न्यू इंग्लंडच्या धर्मभांडणाचा आणि अवजारं जर्मन-इंग्रजी. भारत नंतर येतो.

अद्वैतानंद

सर, आदर आहे, पण सगळं श्रेय जर्मनांना देऊन मोकळं व्हायची आपल्या लोकांना सवयच आहे.

एमर्सनची 'ब्रह्म' ही कविता (१८५७) घ्या. मारणाऱ्याला वाटतं आपण मारतो, मरणाऱ्याला वाटतं आपण मेलो, दोघांनाही कळलेलं नाही. हे सरळ 'य एनं वेत्ति हन्तारं यश्चैनं मन्यते हतम्' आहे. थोरो 'वॉल्डन'मध्ये लिहितो की सकाळी मी माझी बुद्धी भगवद्गीतेत न्हाऊ घालतो. आणखी काय पुरावा हवा?

खवचट_खंडू

आला, आला. पुष्पक विमान पार्किंगला लावून आला. (हलके घ्या.)

मिशीतल्या_मिशीत

अद्वैतानंद, उतारे बरोबर आहेत, पण तारखा बघा. 'नेचर' १८३६ चं, 'ओव्हर-सोल' १८४१ चा. एमर्सनच्या हाती गीता, म्हणजे विल्किन्सचा १७८५ चा इंग्रजी अनुवाद, आला १८४५ मध्ये. तेव्हाच्या पत्रात तो तिला 'बौद्ध धर्माचा सुप्रसिद्ध ग्रंथ' म्हणतो! त्याआधी त्याने तुकडे वाचले होते. त्याची आत्या मेरी मूडी एमर्सन हिने तर १८२२ मध्येच राममोहन रॉय यांच्याबद्दल त्याला लिहिलं होतं. पण गीता पूर्ण वाचण्याआधी त्याचे मुख्य विचार छापून झालेले होते. आपल्या मनातलंच दुसऱ्या कोणी हजारो वर्षं आधी लिहून ठेवलंय, असा आनंद त्याला झाला. याला घेणं म्हणत नाहीत.

त्याहून मोठा फरक रोखात आहे. आपल्याकडच्या अद्वैतात 'मी' गळून पडणं हा शेवट. एमर्सनचा 'मी' विश्वात्म्याला स्पर्श करून परत येतो तो दुप्पट ताठ मानेने, आणि शेजाऱ्याला सांगतो की तुझं मत तुझ्याकडे ठेव. 'नेचर'मध्ये एक जागा आहे, ओसाड माळावरून संध्याकाळी जाताना तो एक पारदर्शक नेत्रगोल होतो, स्वतः काहीच उरत नाही, सगळं दिसतं. तिथे तो शंकराचार्यांच्या जवळ येतो खरा. पण ते क्षणभर. आणि त्यावर क्रिस्टोफर क्रँच या त्यांच्याच माणसाने व्यंगचित्र काढलं: लांब तंगड्या, अंगात कोट, डोक्यावर हॅट, आणि डोक्याच्या जागी एक भलामोठा डोळा.

अद्वैतानंद

गाठ पडणं आणि घेणं यांत तुम्ही फार बारीक धागा काढताय. आणि 'ब्रह्म' कविता गीता वाचल्यावरचीच आहे, ते तरी मान्य?

मिशीतल्या_मिशीत

ते शंभर टक्के मान्य. ती छापून आल्यावर वाचकांनी भरपूर टिंगल केली, विडंबनं निघाली. ब्रह्माच्या जागी 'जेहोवा' घालून वाचा म्हणजे बुचकळ्यात पडणार नाही, असं एमर्सनचं त्यावर म्हणणं होतं.

कोकणची_मैना

मला एवढंच माहीत आहे की थोरोसाहेब जंगलात राहून साधं जगण्यावर पुस्तक लिहीत होते आणि कपडे आईकडे धुवायला जात होते. :)

पेन्सिल_छाप

मैनाताई, हे दर धाग्यावर येतं म्हणून एकदाच सविस्तर.

थोरोने ते लपवलेलं नाही. 'वॉल्डन'च्या पहिल्याच प्रकरणात जमाखर्च आहे. झोपडीला २८ डॉलर साडेबारा सेंट. पुढे खर्चाच्या यादीत तो लिहितो की धुणं आणि शिवणटिपण बहुतेक बाहेरच झालं, त्याची बिलं अजून आलेली नाहीत. ही त्याची कोरडी थट्टा आहे, ती न कळता लोक दीडशे वर्षं त्यालाच ऐकवताहेत.

वॉल्डन तळ्याकाठची ती जमीन एमर्सनची. ४ जुलै १८४५ ला राहायला गेला, ६ सप्टेंबर १८४७ ला परत. तळं गावापासून चालत जायच्या अंतरावर, बाजूने फिचबर्गची रेल्वे. एक-दोन दिवसाआड गावात चक्कर असे. घरात तीन खुर्च्या: एक एकांताला, दुसरी मैत्रीला, तिसरी समाजाला. संन्यास घेतला असं तो कुठेच म्हणत नाही. एका माणसाला जगायला खरोखर किती लागतं, हे त्याला मोजून बघायचं होतं. एमर्सनने जे व्याख्यानातून सांगितलं ते याने करून बघितलं, आणि माझ्या मते म्हणूनच तो टिकला.

आणि तो काही निरुद्योगी कवी नव्हता. घरचा धंदा पेन्सिलींचा. ग्रॅफाइटमध्ये माती मिसळून त्याने ती पेन्सिल इतकी सुधारली की अमेरिकेतल्या उत्तम पेन्सिलींत तिची गणना होई. शिवाय जमिनीची मोजणी करून पैसे मिळवायचा.

मैनाताईंना दारूगोळाच हवा असेल तर खरा देतो. एप्रिल १८४४ मध्ये, वॉल्डनला जायच्या वर्षभर आधी, मासे भाजायला पेटवलेली चूल त्याच्या हातून भडकली आणि काँकर्डचं सुमारे ३०० एकर रान जळालं.

खवचट_खंडू

पर्यावरणवाद्यांचा आद्यपुरुष आणि ३०० एकर! यापुढे ऑफिसातल्या कुठल्याही गोंधळावर मी हेच उदाहरण देणार.

तुळशीवृंदावन

तुकोबांचं 'वृक्षवल्ली आम्हां सोयरी वनचरें' कोणी आणलं नाही अजून?

मिशीतल्या_मिशीत

तुम्ही आणलंत. तुकोबांचा काँकर्डशी संबंध नाही, त्यांना भंडाऱ्यावर सुखाने राहू द्या.

रेणुका_म

एवढा वेळ चर्चा चालली आहे आणि एकाही बाईचं नाव नाही. (दुर्गाबाई सोडून, त्याही अनुवादक म्हणून.)

मार्गारेट फुलर. या मंडळींच्या 'द डायल' या त्रैमासिकाची पहिली संपादक तीच, १८४० ते १८४२. एमर्सन तिच्यानंतर आला. १८३९ पासून बॉस्टनमध्ये ती स्त्रियांसाठी संवादसभा भरवायची. बायकांना शिकवलं जातं पण शिकलेलं वापरायची वेळच येत नाही, हा तिचा मुद्दा होता. १८४५ मध्ये तिचं 'वुमन इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी' आलं. स्वतःवर भरवसा ठेवा हे तत्त्व पुरुषाला लागू असेल तर बाईला का नाही, एवढा साधा प्रश्न. तिला हवं ते काम करू द्या, जहाजाची कप्तान व्हायचं असेल तर तेही, असं ती लिहिते. पुढे ती न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राची वार्ताहर म्हणून युरोपात गेली, रोममधली क्रांती जवळून पाहिली, आणि जुलै १८५० मध्ये नवरा-मुलासह परतताना न्यूयॉर्कजवळ फायर आयलंडच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटून बुडाली. चाळीस वर्षांची होती. तिचं काही सापडतं का बघायला एमर्सनने थोरोला पाठवलं. तिचं इटलीवरचं हस्तलिखित मिळालंच नाही.

एलिझाबेथ पीबडी. तिच्या बॉस्टनच्या पुस्तकाच्या दुकानात ही मंडळी जमायची. थोरोचा कायदेभंगावरचा निबंध १८४९ मध्ये पहिल्यांदा छापला तिने. अमेरिकेतलं पहिलं इंग्रजी किंडरगार्टन, १८६०, तिचंच.

आता 'फ्रूटलँड्स'. ब्रॉन्सन अल्कॉट आणि चार्ल्स लेन यांनी १८४३ च्या जूनमध्ये शेतावर आदर्श वसाहत काढली. मांस नाही, दूध नाही. कापूस गुलामांच्या श्रमाचा म्हणून नाही, लोकर मेंढीची म्हणून नाही. बैलाला जुंपायचं नाही. तत्त्व म्हणून प्रत्येक गोष्टीत मला अर्थ दिसतो. पण ऐन कापणीच्या वेळी पुरुष मंडळी तत्त्वज्ञान सांगत फिरत होती, आणि वादळ येताना बार्ली घरात आणली अल्कॉटची बायको अब्बा आणि लेकरांनी. जानेवारीपर्यंत कारभार आटोपला. त्यांतली एक मुलगी लुइसा, 'लिटल विमेन'वाली. तिने पुढे १८७३ मध्ये या प्रकारावर खुसखुशीत गोष्ट लिहिली. तीत कोणीतरी विचारतं, इथे ओझ्याची जनावरं आहेत का? आई म्हणते, एकच बाई आहे.

कोकणची_मैना

रेणुका, दंडवत. धुण्याचा मुद्दा मी मागे घेत नाही, आता उलट अब्बाबाईंच्या नावाने नोंदवते.

वर्गमूळ

रिप्लीची 'ब्रूक फार्म' ही वसाहत पण अशीच बुडाली ना?

सर_निवृत्त

बुडाली, पण ती बरीच टिकली, १८४१ ते १८४७. शेती, शाळा, सगळ्यांनी हाताने काम करायचं आणि उरलेल्या वेळात वाचन-चिंतन. शाळा उत्तम चालायची, शेती यथातथाच. कादंबरीकार हॉथॉर्न सुरुवातीलाच दाखल झाला, काही महिने शेणखत उपसलं, आणि अशाने लेखन होत नाही म्हणून निघून गेला. मार्च १८४६ मध्ये नवी मोठी इमारत पुरी व्हायच्या आतच जळाली. विमा नव्हता. रिप्लीने पुढे वर्तमानपत्रात काम करून कर्ज फेडलं. एमर्सनला बोलावलं होतं, तो गेलाच नाही. ज्याचा भरवसा फक्त स्वतःवर, तो सहकारी शेतीत कसा जाईल?

चार्ल्सकाठचा_पक्या

बॉस्टनकडे राहतो म्हणून थोडं अवांतर. वॉल्डनला उन्हाळ्यात पोहणाऱ्यांची इतकी गर्दी होते की गेट बंद करतात. झोपडीची प्रतिकृती पार्किंगला लागूनच आहे. खरी जागा तळ्याच्या दुसऱ्या अंगाला, तिथे दगडी खांब रोवलेत. रेल्वे अजून जाते. गावातल्या स्लीपी हॉलो दफनभूमीत एमर्सन, थोरो, हॉथॉर्न, अल्कॉट सगळे एकाच टेकाडावर. थोरोच्या छोट्याशा दगडापाशी लोक पेन्सिली ठेवून जातात.

आणि अद्वैतानंदांसाठी खास: हिवाळ्यात तळ्याचा बर्फ कापून नेणारे मजूर येत, त्यावर थोरो लिहितो की मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे घामेजलेले लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात, वॉल्डनचं पाणी गंगेत मिसळतं.

गिरगावकर

अरे वा, हा तर आमचा प्रांत! बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा तो धंदा. १८३३ मध्ये 'टस्कनी' जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता, लाकडाच्या भुश्शात गुंडाळलेला. मग मुंबईतही आला, फोर्टात बर्फ साठवायला आइस हाउस उभं राहिलं. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि पाहुण्यांना पडसं झालं, ही जुन्या मुंबईची गोष्ट आजोबांच्या पिढीत फार रंगवून सांगत.

मद्रासचं आइस हाउस अजून उभं आहे. १८९७ मध्ये परदेशातून परतल्यावर विवेकानंद तिथे उतरले होते, आज तिथे त्यांचं स्मारक आहे.

अद्वैतानंद

बर्फ वितळला आणि वेदान्त राहिला! याहून नेमकं मी काय बोलणार?

पेन्सिल_छाप

उत्साहावर थोडं थंड पाणी. थोरो त्याच प्रकरणात सांगतो की १८४६-४७ च्या हिवाळ्यातला तो दहा हजार टनांचा ढीग गवत नि फळ्यांखाली झाकून ठेवला होता, जुलैत उघडून थोडासाच नेला, आणि उरलेला उन्हात पडून सप्टेंबर १८४८ पर्यंत वितळत राहिला. म्हणजे बहुतेक पाणी तळ्यालाच परत मिळालं. गंगेचं ते स्वप्न त्याचं होतं, हिशेब मात्र त्याने प्रामाणिक ठेवला.

भीमाकाठ

धागा वाचतोय. 'आपलं' या शब्दावर बराच वेळ चाललंय, म्हणून एक नोंद.

'द डायल'मध्ये जगातल्या धर्मग्रंथांचे वेचे छापायची मालिका होती. त्यातच जानेवारी १८४४ मध्ये सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्राचा भाग बुर्नुफच्या फ्रेंचवरून इंग्रजीत आला, पीबडींनी केलेला. चांगलं काम. पण वर्षभर आधी, जानेवारी १८४३ च्या अंकात काय होतं? विल्यम जोन्सच्या इंग्रजी अनुवादातून निवडलेले मनुस्मृतीचे वेचे. निवड थोरोची. पुढे आपल्या पहिल्या पुस्तकातही त्याने मनूची तोंडभरून स्तुती केली आहे. त्याला तो ग्रंथ हिमालयासारखा उत्तुंग, पहाटेसारखा ताजा वाटत होता.

इकडे २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्याच ग्रंथाचं दहन झालं. ज्यांनी तो अंगावर सोसला त्यांना तो पहाटेसारखा वाटण्याचं कारण नव्हतं. थोरोवर मी खटला भरत नाहीये. तो हजारो मैलांवरून अनुवाद वाचत होता, त्याला गाव दिसत नव्हतं. पण जो माणूस गुलामगिरी चालवणाऱ्या सरकारला कर देत नाही, त्याला दुसऱ्या देशातली गुलामगिरी सुंदर भाषेत वाचताना ओळखू आली नाही. आतून कळणारं सत्य हा ज्यांचा पाया, त्यांच्या बाबतीत मला हे महत्त्वाचं वाटतं. आतून काय कळतं हे कुठे उभे आहात त्यावरही ठरतं.

आणि उलट दिशेचा प्रवासही बघा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. तिकडचे लोक आपल्याकडे मनू शोधत होते, जोतीराव तिकडे मुक्ती बघत होते.

रेणुका_म

+१. या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद.

अद्वैतानंद

भीमाकाठ, मनूचं समर्थन मी करत नाही, गीता-उपनिषदांपुरतं बोलत होतो. पण वेचे छापल्याची नोंद मला नवीन होती.

सर_निवृत्त

भीमाकाठ यांचा मुद्दा पूर्ण मान्य, आणि त्याला एक जोड. आत्मनिर्भरतेचं हे तत्त्वज्ञान सुस्थित माणसाला फार सोयीचं आहे. एमर्सनची पहिली पत्नी एलन १८३१ मध्ये अगदी तरुणपणी क्षयाने गेली, तिच्या वारशातून त्याला नियमित उत्पन्न मिळे. 'सेल्फ-रिलायन्स'मध्ये तो विचारतो, गरीब गरीब म्हणता, ते काय *माझे* गरीब आहेत? पूर्वापर संदर्भात वाचलं तरी ते बोचतं.

पण याच लोकांची दुसरी बाजू नोंदवायला हवी. चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीतून हुसकावलं तेव्हा एमर्सनने १८३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरन यांना जाहीर पत्र लिहिलं. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामांना धरून परत देणं उत्तरेतही बंधनकारक झालं, आणि तिथून ही मंडळी रस्त्यावर आली. थिओडोर पार्कर या त्यांच्यातल्या पाद्र्याने पळून आलेल्या एलन क्राफ्टला घरात आसरा दिला, आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करणाऱ्या जॉन ब्राउनला गुप्तपणे पैसा पुरवणाऱ्या सहा जणांत तो होता. ऑक्टोबर १८५९ मध्ये ब्राउन पकडला गेला तेव्हा बहुतेकांनी हात झटकले. थोरोने काँकर्डमध्ये सभा भरवून त्याची बाजू मांडली. अंतःप्रेरणा कायद्यापेक्षा वरची, हे तत्त्व तिथपर्यंत गेलं.

युनिटेरियन धाग्याचं एक टोक आपल्याकडेही आहे. प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियनांकडेच धर्माचा अभ्यास करायला गेले होते. परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं.

सदाशिव_पेठी

गांधी राहिले. थोरो जुलै १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात होता, कर न भरल्याबद्दल, कारण गुलामगिरी आणि मेक्सिकोचं युद्ध. कोणीतरी गुपचूप कर भरला, बहुधा त्याच्या एका आत्याने, आणि हा सुटका झाली म्हणून चिडला. गांधींनी सत्याग्रह त्याच्याकडून घेतला असं सर्रास लिहितात. आमच्या पुण्याच्या भारत सेवक समाजातले कोदंड राव यांना गांधींनी १९३५ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की हे चूक आहे, निबंध हाती पडला तेव्हा दक्षिण आफ्रिकेतला लढा बराच पुढे गेला होता, इंग्रजी वाचकांना समजावायला थोरोचा शब्द कामी आला. म्हणजे अद्वैतानंद, एमर्सनचं आणि गीतेचं जसं, तसंच गांधींचं आणि थोरोचं. हिशेब बरोबरीत सुटला, आता जेवायला जा.

आणि रेणुकाताई, दुर्गाबाई फक्त अनुवादक नाहीत. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात, आणीबाणी असताना, अध्यक्षपदावरून त्यांनी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे अटकही झाली. थोरो कळलेली बाई होती ती.

रेणुका_म

हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

निळावंती

सगळ्यांचे आभार, रात्री उशिरापर्यंत वाचत होते.

माझ्या पहिल्या प्रश्नापुरतं बोलायचं तर मिशीतल्या_मिशीत यांच्या तारखा मला पटल्या. वेदान्ताने त्यांना बळ आणि शब्द दिले, उगम वेगळा. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी अजून अडलेली आहे. पद्धतशीर मांडणी, व्याख्या, खंडनमंडन असं यांच्यात काही नाही. एमर्सन तर सुसंगतीच्या हट्टालाच क्षुद्र मनांचं भूत म्हणतो. मग त्याला खोडणार कसं? भीमाकाठ म्हणतात तसं, दोघांना आतून दोन उलट सत्यं कळली तर निवाडा कोण करणार?

मिशीतल्या_मिशीत

त्यांच्याकडे याचं उत्तर नाही. 'सेल्फ-रिलायन्स'मध्ये एक वडीलधारा सल्लागार एमर्सनकडे शंका काढतो की हे आतले आवाज सैतानाचे असले तर, आणि एमर्सन म्हणतो, मला तसं वाटत नाही, पण असलोच तर मी सैतानाचं लेकरू म्हणून जगेन. शौर्य आहे, उत्तर नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यालाही आतून काहीतरी कळतच होतं.

भीमाकाठ

नेमकं. पार्कर मला त्यामुळे जास्त जवळचा वाटतो. तो आतल्या आवाजावर थांबला नाही, दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघून ठरवलं.

वर्गमूळ

मूळ ग्रंथ वाचायचे तर सुरुवात कुठून? एमर्सनचं एक पान वाचून झालं की दोन पानं विसरल्यासारखी वाटतात.

पेन्सिल_छाप

'वॉल्डन' पहिल्यापासून वाचू नका, पहिलं प्रकरण सगळ्यांत लांब आहे आणि तिथेच लोक सोडून देतात. हिवाळ्यातल्या तळ्याचं प्रकरण आधी घ्या, बर्फ त्यातच आहे. मग कायदेभंगाचा निबंध, तो छोटा आहे. एमर्सन शेवटी, आणि मोठ्याने वाचा. त्याचे बरेचसे निबंध आधी व्याख्यानं होती, ते कानालाच जास्त कळतात.

रेणुका_म

छे, आधी लुइसाची फ्रूटलँड्सवाली गोष्ट. एका बैठकीत होते. भरपूर हसून घ्या, मग यांच्या भव्य वाक्यांकडे वळा.